मऊ राहिलेला रुमाल

वॉर्डाच्या खिडकीच्या गजावर आज एकच रुमाल वाळतोय. वर्षभर मी लेकीचे असे ढीगभर रुमाल धुतले. ती वहीवर वाकली की एका नाकपुडीतून पाणी टपकायचं. मी बर्फाच्या गोळ्यावरून तिला रागवायचे, ओव्याच्या पुरचुंडीने शेकायचे आणि रुमाल नाकाला लावून म्हणायचे, "शिंकर जोरात."

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिचा न धुता वाळलेला रुमाल हातात घेतला. "सर्दीचा रुमाल कडक होतो, ताई. हा मऊच आहे." तपासणीत कळलं, नाकाच्या वर कवटीला बारीक भोक होतं आणि मेंदूभोवतीचं पाणी गळत होतं. काळजी करण्याच्या नादात बघायचंच राहून जातं.

काल नाकातूनच दुर्बीण घालून त्यांनी ते भोक बुजवलं. आता शिंकरायचं नाही, असं बजावलंय. मी इतकी दमलेय की बसल्या जागी डोळा लागतो. मघाशी पेंगतानाच माझा हात रुमाल घेऊन तिच्या नाकापाशी गेला.

तिने तो हलकेच बाजूला केला. "आई, आता शिंकरायचं नाही ना?"

रुमाल कोरडा होता. तरी मी उठून तो धुतला.