नातीचा बंद पडलेला गेम

ग्रुपवरच्या तंजावरकरांनो, आज दुपारी घरी घडलेलं सांगतो.

सुट्टीला चेन्नईहून नात आली आहे, दहा वर्षांची. हातातला व्हिडिओ गेम खाली ठेवत नाही. आज तिच्या खांद्यावरून सहज डोकावलो, तर स्क्रीन काळी.

साठच्या दशकात वडिलांचा ट्रान्झिस्टर मुका झाला की अर्ध्या गल्लीला कळायचं, आणि त्याचे सेल पुन्हा चालावेत म्हणून गच्चीवर वाळत घातलेल्या वडामांशेजारी, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांशेजारी, उन्हात ठेवायचं काम माझं. तेवढ्याच अनुभवावर मी गेम हातात घेतला.

चार्जर लावला. काही नाही. चार्जिंगचं भोक टूथपिकने हलक्या हाताने साफ केलं. बराच कचरा निघाला. पुन्हा चार्जर लावून थोडा वेळ थांबलो, मग पॉवरचं बटण दाबून धरून ठेवलं, तेव्हा कुठे स्क्रीन उजळली. तुमच्याकडे असं झालं तर याच क्रमाने करून बघा.

मी विचारलं, "कधीपासून बंद होता गं?"

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं. आजोबांना ती ताता म्हणते. म्हणाली, "आल्या दिवसापासून, ताता."

"मग हातात धरून कशाला बसायचीस?"

"हातात असला की कोणी माझ्याशी बोलायला येत नाही. मी मराठी बोलले की सगळे हसतात."

सगळे म्हणजे आम्हीच, घरातले.

गेम आता व्यवस्थित चालतोय. तुमच्या घरी मूल मराठी बोललं की आधी कोण हसतं?