जानकीच्या मानेतली गाठ

ओरोसला सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या रस्त्यावर जानकीची खानावळ होती. बदली होऊन आलेली, क्वार्टर्समध्ये एकटी राहणारी माणसं तिच्याकडे जेवायची. कुणाला शिंपल्यांतल्या तिसऱ्या चालत नाहीत, कुणाचा सोमवार आहे, हे तिला सांगावं लागत नसे. वाढताना कुणी 'पुरे' म्हटलं की ती म्हणे, "पुरे म्हणतंस आणि मगे खोलयेत जावन बिस्किटां खातंस!" नवरा परशुराम बाजार आणायचा, गल्ल्यावर बसायचा. तिच्यापुढे तो फारसं बोलत नसे.

एका वर्षी गणपतीनंतर तिचं डोकं दुखू लागलं. मग एका दुपारी आमटी वाढता वाढता हातातली पळी पडली आणि तिला फिट आली. गोव्याच्या इस्पितळात नेलं. मेंदूत गाठ निघाली, वाईट जातीची. ऑपरेशन झालं, किरणं दिली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी परशुरामला बाजूला घेऊन सांगितलं, की हा आजार पुन्हा उलटतो. पण येतो तो तिथेच, डोक्याबाहेर सहसा जात नाही.

'सहसा' परशुरामने ऐकलंच नाही. येईल त्याला तो सांगायचा, "डोक्याभायर जावचा नाय तां. डॉक्टरान सांगल्यान."

जानकी घरी आली. केस गेले होते, उजव्या हातात जोर नव्हता. चुलीजवळ खुर्ची टाकून बसायची आणि मुलीला, तन्वीला, एकेक सांगायची. तन्वीने कणकवलीचं कॉलेज तात्पुरतं सोडलं होतं. तिची आमटी आईसारखी होत नसे, तरी गिऱ्हाईक मुकाट जेवे. जानकीला तेच खपत नव्हतं. "बरी नाय झाली तर बोला रे! गप कित्याक जेवतास?"

वर्ष सरलं आणि पाठ दुखू लागली. बसून बसून दुखत असेल, असं सगळेच म्हणाले. परशुराम रोज खोबरेल कोमट करून पाठ चोळून द्यायचा. एकदा हात मानेवर गेला, तर कानाच्या मागे खाली सुपारीएवढी गाठ लागली.

"दुखता?"

"नाय. तुमच्या हातान माका बरा वाटता."

बघता बघता ती आवळ्याएवढी झाली. पुन्हा गोवा. गाठीत सुई घालून तपासलं, पाठीचे फोटो काढले.

"मेंदूतलाच आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "मानेत आलाय, मणक्यातही आहे."

परशुराम कचेरीत बोलावं तसं जपून बोलला, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात, बाहेर जात नाही."

"फारच क्वचित जातो. मी फक्त वाचलंय. असा पेशंट पहिल्यांदाच बघतोय."

"मग औषध?"

"पाठीला किरणं देऊ, दुखणं कमी होईल. बाकी कशाचा उपयोग होईल, असं मी सांगू शकत नाही."

परशुरामची जपलेली भाषा सुटली. "मिया रोज तेल लावन चोळी होतंय. त्येनां पसारला काय ओ?"

"नाही, नाही. तसं अजिबात होत नाही."

पण बाहेर जात नाही, हेही याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. परशुरामचा विश्वास बसेना.

त्यानंतर तेलाची वाटी तो तन्वीच्या हातात देऊ लागला. जानकीने दोन-तीन दिवस पाहिलं आणि विचारलं, "माका हात लावक भितास?"

तो उभ्या उभ्याच म्हणाला, "माझ्या चोळण्यान वाढला तर?"

"आता वाढूक काय उरला हा? या, बसा हय."

तो बसला. तेल नुसतं लावल्यासारखं करू लागला. "जोरान चोळा ओ," ती म्हणत होती, आणि त्याच्याने जोर होत नव्हता.

पुढे तिचे पाय गेले, मग बोलणं गेलं. शिमग्याच्या आधी ती वारली.

तन्वी आता परत कॉलेजला जाते. खानावळ बंद आहे. बाजारात परशुरामला कुणी ना कुणी भेटतं. डोक्यातला आजार मानेत कसा गेला, ते त्यांना पटत नाही. "गोव्याक कित्याक न्हेलंस? मुंबयक न्हेवक व्हया होता," म्हणतात.

सुरुवातीला तो समजावून सांगायचा. आता म्हणतो, "होय, न्हेवक व्हया होता," आणि पिशवी उचलून निघतो.