टकल्याचा जबडा

मुलगी दादरच्या क्लासमध्ये कार्टूनमधल्या माणसांचे चेहरे हलवायला शिकते, एवढं कालिंदी चाळीत सगळ्यांना सांगायची. त्याला रिगिंग म्हणतात, त्यापुढचं काही स्वतः बी.ए. असूनही तिला सांगता येत नसे. बकुळाने एकदा दाखवलं होतं. पडद्यावर टकला माणूस आणि त्याच्या तोंडाभोवती रंगीत गोळ्या. गोळी ओढली की ओठ हलायचा, जबडा उघडायचा. त्या गोळ्या बसवणं हेच बकुळाचं शिक्षण. शेवटच्या परीक्षेत पास झाली तर सर अंधेरीच्या स्टुडिओत तिचं नाव देणार होते. नाही झाली तर काय, हा विचार कालिंदी भाजी निवडताना करायची आणि देवापुढे हात जोडूनही करायची.

परीक्षेच्या टकल्यासाठी बकुळाने बापाचं तोंड घेतलं. सीताराम संपापर्यंत मिलच्या मागखात्यात होता, नंतर वॉचमन झाला. तिने त्याला बोलायला लावून व्हिडिओ काढला आणि त्याचे ओठ जेवढे ताणले गेले, तेवढेच टकल्याचे ताणू दिले.

सरांनी टकल्याला ‘चहा घेणार का’ एवढंच बोलायला लावलं. जबडा छातीला टेकला.

“हा चहा विचारतोय की आग लागल्याचं सांगतोय?” सर म्हणाले. “सोमवारपर्यंत माणसात आण याला.”

बकुळाने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

“मागखात्यात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नव्हता,” सीताराम म्हणाला. “समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं कळायचं, म्हणून तोंड फाडून बोलायचं. सवय लागली ती लागली.”

“मग माझं तोंड घे,” कालिंदी म्हणाली. पोरीच्या नोकरीसाठी ती पदर सारखा करून खुर्चीत बसली.

बकुळाने व्हिडिओ दोनदा बघितला. “आई, तू कधी होतीस गं मागावर?”

“मी नव्हते. लग्न केलंय त्यांच्याशी.”

मग बकुळाने आरशासमोर स्वतःचं तोंड तपासलं. तेही त्याच खात्यातलं निघालं.

शेवटी तळमजल्यावरच्या राधाकाकूंना बसवलं. काकू बँकेच्या काउंटरवर होत्या आणि अख्खा दिवस ओठ न उघडता बोलू शकत. टकला दोन रात्रींत सुधारला.

सोमवारी संध्याकाळी कालिंदी गॅलरीत उभी होती. तिनेच सांगून ठेवल्यामुळे बाकीची चाळही उभी होती. बकुळा आली, खाली नळापाशी थांबली आणि वर बघून काहीतरी बोलली. आवाज नाही, नुसतं तोंड.

कालिंदीने कठडा घट्ट धरला.

“पास,” मागून सीताराम म्हणाला.

“दिसलं मला.” तिने खाली वाकून, तशाच बिनआवाजाने विचारलं, डबा लागेल का?

बकुळाने जबडा छातीपर्यंत नेला. लागेल.

अंधेरीला जायचं कधी, यायचं कधी, सोबत कोण, हे सगळं दोघींनी तिथल्या तिथे उरकलं. सीतारामने मध्येच नुसत्या ओठांनी बसचा नंबर सांगितला.

“अगं काय झालं तुझं?” राधाकाकू दारात येऊन ओरडल्या. “कोणी तोंड उघडेल का?”