एकोणीस खुर्च्या आणि एक गिटार

पत्रिकेत माझ्या नावाआधी पाच विशेषणं होती. त्यातलं ‘अष्टपैलू’ मला पटलं. लग्नातली बँजो पार्टी, भजनी मंडळ, पुण्यातल्या हॉटेलात दर बुधवारी, मालिकांचं पार्श्वसंगीत, परदेशातले दोन-चार महोत्सव आणि एकदा रासायनिक खताची जाहिरात, एवढं सगळं मी वाजवलंय. अष्टपैलू म्हणजे ज्याला कुणीही काहीही वाजवायला सांगू शकतं असा माणूस. जॅझ हे माझं खरं काम, पण त्याचा उल्लेख पत्रिकेत नव्हता.

माझा सत्कार हिंगोलीत होता, सकाळी अकराला. एरवी मी सत्कारांना जात नाही. या वेळी आयोजकांनी चाळीस मिनिटं वादनाला दिली होती, म्हणून मी वडिलांना आमच्या गावाहून, कुरुंद्याहून बोलावून घेतलं. अण्णा हळद पिकवतात. त्यांनी मला वरातीत वाजवताना पाहिलंय, टीव्हीवर गायिकांच्या मागे उभा पाहिलंय. माझं स्वतःचं संगीत समोर बसून त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. ऐंशी ओलांडलीय आणि उजवा कान आता नुसता शोभेला आहे. डावा शाबूत असेपर्यंत हे काम उरकायचं होतं.

हॉल दोनला रिकामा करून द्यायचा होता. तीनला तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता.

मी पोचलो तेव्हा आयोजकांनी सकाळीच नेलेल्या माझ्या गिटारची पूजा चालली होती. दीपप्रज्वलनाच्या टेबलावर तिला आडवी ठेवून कुणीतरी हार घातला होता आणि एक ताई तारांवर हळदकुंकू वाहत होत्या. मी म्हणालो, “ताई, तारांवर नको, बोटं घसरतात.” त्या म्हणाल्या, “राहू द्या हो. वाद्य हाय, त्याचा मान नको का?” आमच्याकडे एकदा पूजा झाली की त्या वस्तूला सहसा काम सांगत नाहीत, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

व्यासपीठावर एकोणीस खुर्च्या होत्या. रिवाज असा, की वर बसलेल्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, तो वर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हस्ते. मग ज्यांच्या हस्ते झाला त्यांचा राहून जातो. कुणाचा राहिला की तो माणूस पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतो. म्हणून सूत्रसंचालक चिठ्ठ्या वाचत राहिले आणि त्यांना नव्या चिठ्ठ्या येत राहिल्या. माझ्या हस्ते तिघांचे सत्कार झाले. त्यातल्या एकांना मी ओळखतही नव्हतो, त्यांनाही मी कोण ते ठाऊक नव्हतं. आम्ही फोटोसाठी चांगले हसलो.

एक वाजता भाषणं सुरू झाली. मी खाली उतरून साउंडवाल्या चाचांकडे गेलो. बँजो पार्टीच्या दिवसांपासून ते मला ओळखतात. त्यांच्या घराण्यात मंडप आणि स्पीकर तीन पिढ्यांचे.

“चाचा, माझ्या वेळेला इको काढाल?”

“काढतो की. तुमच्या गिटारला कशाला इको? पन आत्ता काढला तर सायब लोकायला आपन भाषन करून राहिलो असं वाटतच न्हाई.”

“मला वेळ मिळंल असं वाटतं का?”

चाचांनी व्यासपीठाकडे पाहिलं. “अध्यक्ष बाकी हाय. ते एकटे पाऊन तास घेतेत. मग आभार.” त्यांनी हातातल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. “वेळ मागून भेटत न्हाई, बेटा.”

तिसऱ्या रांगेत अण्णा ताठ बसले होते, डावा कान व्यासपीठाकडे करून. दीड वाजला होता. अध्यक्ष माइककडे निघाले तसा मी वर गेलो, टेबलावरून गिटार उचलली, हार काढून टेबलावर ठेवला, सत्कारात मिळालेल्या शालीनं तारा पुसल्या आणि वायर जोडली. त्या शालीचा हा पहिला उपयोग.

सूत्रसंचालक धावत आले. “सर, अध्यक्षीय समारोप व्हायचाय. तुमचं शेवटी, आभारानंतर दोन मिन्टं.”

“आधी वाजवतो,” मी म्हणालो. “मग त्यांनी हवं तेवढं बोलावं.”

“सर, प्रोटोकॉल हाय.”

मी वाजवायला लागलो. सूत्रसंचालक माइकवर काहीतरी बोलले, पण माइक नेमका बंद पडला होता, ऐकू कुणालाच गेलं नाही. चाचा खाली वाकून मन लावून वायर तपासत होते. अध्यक्ष दोन मिनिटं उभे राहिले, मग त्यांच्या माणसांसकट निघून गेले. खुर्च्या सरकल्याचा आवाज लांबला. कुणीतरी माझा पाय ओलांडून गेलं. मी थांबलो नाही. माझीच रचना होती, लंगडत चालणारी, सात मात्रांची. अर्धा हॉल रिकामा झाला. उरलेल्यांतले काही जेवणाची वाट पाहत होते. अण्णा हलले नाहीत.

नंतर बाहेर आम्ही दोघं चहा पीत होतो. आयोजकांपैकी कुणी जवळ येत नव्हतं.

“लई मान्सं उठून गेली,” अण्णा म्हणाले.

“व्हय.”

“तू वाजवतच राहिला ते बराबर केलं.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पन ते आपल्या हळदीच्या ड्रमवानी काहून वाजत होतं? बेरिंग गेल्यावर चालायचा तसं. एका अंगानं जड.”

मी कप खाली ठेवला. हळद पॉलिश करायचा तो ड्रम एका हंगामात महिनाभर तसाच लंगडत फिरला होता आणि त्या चालीवरच मी ती रचना बांधली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शहरातल्या जाणकारांनी त्या लयीचं मूळ तीन वेगवेगळ्या खंडांत शोधलं आहे.

“तोच ड्रम आहे, अण्णा.”

“मंग नीट करून घे की. लोकं त्याच्यानंच उठली असतील.”

“नाही करणार,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बशी रिकामी केली आणि विचारलं, “पुढच्या टायमाला कुठं हाय?”

“आता इथं कोण बोलावतंय मला?”

“कुरुंद्यात वाजव मंग. खळ्यावर. चाचाला सांग स्पीकर घिऊन यायला. खुर्च्या लागत न्हाईत.”

मी तिथूनच आत गेलो आणि चाचांकडून तारीख घेतली.