माझ्या वाट्याचं नकली चुंबक

नाटकात जो दिसत नाही आणि ज्याच्यावाचून नाटक चालत नाही, तो मी. हे माझ्याविषयी मी स्वतःच सांगत फिरायचो. दुसरं कोणी असं म्हटल्याचं आठवत नाही. वडशाला आमचं शिवणकामाचं दुकान. धान घरात आलं की झाडीपट्टीतल्या गावागावांत नाटकं लागायची, आणि मी मशीन धाकट्या भावाच्या हवाली करून मंडळीसोबत निघायचो. मंचापुढे खणलेल्या खड्ड्यात बसायचं आणि नटाचं वाक्य त्याच्या आधी हळूच वाचून द्यायचं, हे माझं काम. आमच्याकडे तालमी नावापुरत्या. आज एका गावात राजा, उद्या दुसऱ्या गावात इन्स्पेक्टर. नट तरी पाठ करून करून किती करणार? प्रॉम्प्टरचं तोंड सुरू आहे तोवर राजा राजा असतो. ते थांबलं की नुसता मुकुट घातलेला माणूस उरतो.

मोबाईल नुकते नुकते लोकांच्या खिशात दिसू लागले होते, त्या सुमाराच्या एका हिवाळ्यात माझं तोंड थांबलं. पान समोर होतं, अक्षरं दिसत होती, पण ती बोलण्यात काही अर्थ आहे असं वाटेचना. नायक हात वर करून उभा. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग शिट्ट्या, मग ढेकळं आली. मॅनेजर चांगला माणूस. म्हणाला, "मास्तर, यंदा आराम करा. दिवाळीनंतर ठीकठाक असले तं या, नाई तं मले दुसरा पाहा लागन."

मी आराम असा केला की उठणंच सोडलं. गिऱ्हाइकांचे ब्लाउज अर्धे शिवून पडलेले. जेवण पुढे आलं की चिडायचो, उशिरा आलं तरी चिडायचो. झोप नाही, भूक नाही, आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे रडूही नाही. छातीवर धानाचं पोतं ठेवून कोणीतरी निघून गेलंय, असं दिवसभर वाटायचं. बायकोनं दर्ग्यात नेलं, झाडफूक केली, शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथल्या गोळ्यांनी तोंड तेवढं कोरडं पडलं. ज्याच्या तोंडावर पोट चालतं, त्याला नेमकं हेच मिळायला हवं होतं.

मग तिथल्या एक तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, एक संशोधन चालू आहे. डोक्याला बाहेरूनच चुंबकाचं यंत्र लावायचं, चिरफाड नाही, बेशुद्ध करणं नाही. उदासीत मेंदूचा पुढचा भाग सुस्त पडतो, त्याला चुंबकाचे ठोके देऊन जागं करता येतं का ते बघायचं. मनावर ताबा ठेवणं त्याच भागाकडे असतं म्हणे. पण अर्ध्या लोकांना खरं चुंबक लागणार, अर्ध्यांना खोटं. कोणाला कुठलं, हे ना रोग्याला माहीत, ना त्यांना स्वतःला. फक्त यंत्र चालवणाऱ्या भाऊला माहीत. शेवटी सांगतील. खोटं निघालं त्यांना नंतर खरं देतील. मी सही केली. नागपुरातच साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या घरी मुक्काम ठोकला आणि रोज दवाखान्याची वारी सुरू झाली.

पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली. मनाचा ताबा तपासायला बाईंनी एक कागद पुढे धरला. त्यावर "लाल" हा शब्द हिरव्या शाईत, "पिवळा" निळ्या शाईत, असा सगळा उलटा कारभार. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "लाल, पिवळा, काळा."

"वाचू नका काका, रंग सांगा."

"हो," म्हटलं, आणि पुन्हा वाचलं. आता मला सांगा, सारी उमर लिहिलेलं दिसलं की बोलायचं, मध्ये श्वासाचीही फट पडू द्यायची नाही, ही माझी कमाई. आणि ही पोरगी म्हणते वाचू नका. मी तिलाच झापलं. म्हटलं, बाई, शाई पाहायची असती तर मी रंगारी झालो असतो. तिनं निमूटपणे काहीतरी टिपून घेतलं. माझ्या ताब्याविषयीच असणार.

मग यंत्र. डोक्याच्या डाव्या बाजूला आठाच्या आकड्यासारखं एक जाड कडं टेकवायचे आणि टकटकटक आवाज सुरू. आधी तो भाऊ विचारी, अंगावर काही लोखंडाचं? मी ऐटीत नाही म्हणायचो, आणि तो माझ्या कॉलरमध्ये खोचलेली सुई काढून टेबलावर ठेवायचा. असं एकदा झालं असतं तर ठीक होतं.

पहिल्या दिवशी ठोका किती जोराचा द्यायचा याचं माप घेताना माझा अंगठा आपोआप उडाला होता. नंतर उडेना. शेजारच्या खुर्चीवर यायचा एक जंगलखात्यातला निवृत्त गार्ड, गडचिरोलीकडचा. त्याची भुवई टकटकीबरोबर नाचायची. माझी शांत. झालं, माझ्यातला नाटकवाला जागा झाला. आम्ही पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करतो, नारळाच्या करवंट्या आपटून घोडा पळवतो. मला का हे टकटकीवर फसवणार? शिवाय यंत्रावरचा भाऊ बटण दाबताना माझ्या डोळ्यांत पाहत नसे. लाकडी तलवारीनं लढणारा नट असाच तोंड फिरवतो. मी त्याच दिवशी जाहीर केलं, "माझं नकली आहे."

त्या निदानानं मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आनंद कसला, तेव्हा ते जमतच नव्हतं, पण टेकायला जागा मिळाली. आपण बरे होत नाही कारण आपल्याला औषधच दिलेलं नाही. खरं मिळालं की होऊ. दिवाळीच्या आत खड्ड्यात बसू. रोज परतताना बायकोला नवा पुरावा ऐकवायचो. ठोक्यानं डोकं दुखतं म्हणतात, माझं दुखलं नाही. रंगांच्या कागदावर अजून वाचतोच आहे, म्हणजे ताबा काही आला नाही. ती ऐकून घ्यायची. कधी म्हणायची, "तुमी एवढं सांगून राह्यले, तं असनच." गार्डलाही मी कळवळून सांगितलं, तुमचं नशीब चांगलं. तो बिचारा ओशाळला.

शेवटच्या दिवशी बाईंनी मला आणि बायकोला समोर बसवलं. मी आधीच म्हटलं, "बाई, मला ठाऊक आहे. खरं कधीपासून देता तेवढं सांगा."

त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे. "काका, तुम्हाला पहिल्या दिवसापासून खरंच लागलं होतं."

मी यंत्रावरच्या भाऊकडे पाहिलं. त्यानं पहिल्यांदा डोळ्याला डोळा भिडवला आणि मान हलवली. बाई समजावत राहिल्या, सगळ्यांची भुवई उडत नाही, काहींना गुण येतो, काहींना नाही, म्हणून तर संशोधन. तुमच्यात थोडासा फरक आहे, गोळ्या बदलून पाहू, सोडू नका. गार्डचं नकली निघालं, हे जिन्यात कळलं; खोट्या यंत्राचेही कातडीला झटके बसतात म्हणे, भुवई त्यानंच नाचायची. तो खुशीत होता, त्याला आता खरं मिळणार होतं.

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. मी सगळ्यांवर चिडून घेतलं. चुंबकावर, बाईवर, त्या भाऊच्या डोळ्यांवर. मग बायको म्हणाली, "अजी, मी नवस केला होता."

"कशाचा?"

"दर्ग्यात. का तुमाले नकलीच लागलं असो."

दुनियेत औषध खोटं निघावं म्हणून कोणी दर्ग्यावर चादर कबूल केली असेल तर ती माझ्या बायकोनं. माझे सगळे दीडशहाणे पुरावे तिनं खरे मानले होते आणि थेट वर पोचवले होते. मला हसू येणार असं वाटलं, आणि आलं रडू. भर स्टँडवर, पानवाल्यासमोर, नाक ओढत.

"अन् असली निघालं तं काय, हे नाई मागितलं?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं मले काई सुचलंच नाई."

वडशाची गाडी लागली. लोक धावले, आणि ती जागची हलेना. वर्षभर रोज सकाळी मला उठवणारी बाई, पिशवी मांडीवर धरून समोर नुसती पाहत बसली होती. मी उठलो, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हटलं, "चाल. मॅनेजरले भेटा लागन."

"तुमी असेच जान का?" ती म्हणाली.

बरा झालो की जाईन, असं मी वर्षभर म्हणत होतो. त्या दिवाळीनंतर तसाच गेलो.