गुलाबावरची भुरी

आज फोडणीसाठी आंबट ताक काढलं आणि त्या वासानं मी पुंडलिकनगरच्या जुन्या अंगणात पोचले. पोटातलं पहिलं बाळ गेल्यावर मी कुणाशीच बोलत नव्हते. आईनं दिलेल्या गुलाबावर भुरी पडली होती. पानं पीठ सांडल्यासारखी पांढरी झालेली. एका सकाळी मी रागानं तो उपटायला गेले, तर शेजारच्या सलमाआपा भिंतीपलीकडून ओरडल्या, "नक्को उखाड गे! बीमार है, मरा नहीं."

भुरीवर औषध म्हणून त्या पातळ ताक घेऊन आल्या. दोघींनी मिळून त्या ताकानं एकेक पान पुसलं. पुसता पुसता मला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी ओल्या हातानंच मला जवळ घेतलं.

सलमाआपा गुलाबासाठी धावत आल्या, असं तेव्हा वाटलं होतं. आज कळतं, माझ्यापाशी यायला त्या कितीतरी दिवस निमित्त शोधत होत्या.