गेबचा गुडघा

कोंडीरामचा धंदा होता न हलण्याचा. गिरणीतून काढल्यावर तो गिरगावात शरदचंद्र मास्तरांच्या चित्रशाळेत मॉडेल म्हणून बसू लागला. काम ऐकायला आळशाचं, पण आळशाला ते तासभरही झेपलं नसतं. नाकावर माशी बसली तरी मास्तर 'आराम' म्हणेपर्यंत कोंडीराम म्हणजे नुसता धोंडा.

छप्पन्न सालच्या जानेवारीत मास्तरांनी इजिप्तचा भूमिदेव काढायला घेतला. नाव गेब. जमिनीवर उताणा पसरलेला, एक गुडघा वर उभा, तोच डोंगर. आणि त्याच्यावर हातापायांवर ओणवी झालेली त्याची बायको, म्हणजे आभाळ. हे ऐकून कोंडीरामच्या बायकोचा, सुंदराबाईचा, पारा चढला.

"भुई म्हंजी आई. तिचा बाप्या कसा करत्यात? आन् वर ती उघडी बाई कोन?"

"अगं, ती मास्तर मनानंच काढनार हायेत," कोंडीराम म्हणाला. तरी तीन दिवस घरात अबोला होता.

चौथ्या दिवशी मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली आणि लालबाग पेटलं. कोंडीराम गिरगावातून पायीच लालबागला घरी निघाला. चाळीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच गोळीबार झाला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. धूर विरला तेव्हा रिकाम्या रस्त्यावर एकटा कोंडीराम पडलेला होता.

सगळी चाळ गॅलरीतून बघत होती. "गेला," शेजारचे तात्या म्हणाले. चाळीतल्या कमळाबाईने रडत रडत सुंदराबाईचा हात धरला, बांगड्या उतरवायला.

"हात नगा लावू," सुंदराबाई म्हणाली. "त्येंचा गुडगा बघा. वर हाय."

"आखडला असंल गं, पोरी," तात्या म्हणाले.

पण ती त्याच्या धंद्याला ओळखून होती. गुडघा असा उभा धरून तो वीस मिनिटं काढायचा, त्यापुढे पोटरी थरथरायची. नाक्यावर शिपाई बंदुका रोखून उभे होते आणि जो हलेल तो गेला, एवढं साऱ्या चाळीला कळत होतं. आता तो गुडघा थरथरायला लागला होता.

तात्यांनी जिन्यात तिची वाट अडवली. त्यांना ढकलून ती खाली गेली आणि हातापायांवर रांगत रस्त्यावर आली. बंदुका तिच्याकडे वळल्या. ती थांबली नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना हात आणि गुडघे रोवून ती त्याच्यावर ओणवी झाली. गोळी सुटली नाही. त्याच्या मांडीखाली रक्ताचं थारोळं साचलं होतं, डोळे मिटलेले होते. गुडघ्याची थरथरही थांबली होती.

चित्रशाळेतला तो एक शब्द तिला ठाऊक होता.

"आराम," ती म्हणाली.

मेलेल्याचा पाय धपकन पडतो. हा सावकाश, जपून खाली आला.